सरकता बांध

आमच्या शाळेतली पोरं कबड्डीच्या मातीतली. कमरेला मिठी मारायची, घोट्याला हात घालायचा नि लोळवायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. त्यांच्या हातात बास्केटबॉल दिला, तेव्हा पहिले पंधरा दिवस माझी शिट्टी थांबतच नव्हती. "सर, धरायचं नाय तर आडवायचं कसं?" पोरं विचारायची. प्रश्न रास्त होता. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफिल्डला जेम्स नायस्मिथ नावाच्या मास्तरानं हा खेळ काढला, तो मुळी धक्काबुक्की टाळायलाच. तरी दहा जण एवढ्याशा जागेत पळणार म्हटल्यावर अंगाला अंग लागणारच. लागलेलं सगळंच फाउल नसतं.

मी त्यांना बांधाच्या भाषेत सांगितलं. माणूस जिथं उभा, तिथून सरळ वरपर्यंतची जागा त्याची. तेवढ्यात त्यानं हात वर केले, उडी मारली नि समोरचा येऊन आदळला, तर दोष समोरच्याचा. बांधालगतचं झाड सरळ वर वाढलं तर शेजारी काय बोलणार? फांदी त्याच्या रानावर झुकली की मात्र कज्जा. हात पुढं वाकला, कोपर बाहेर आलं, गुडघा घातला, की फांदी गेली म्हणायची. पोरांना लगेच समजलं. घरोघर तेच चाललेलं.

तालुक्याच्या अंतिम सामन्याला ठरलेल्या पंचाची एसटी चुकली. एका बाजूला आमचीच शाळा, तरी दोन्हीकडच्या मास्तरांनी मान डोलावली म्हणून शिट्टी घेतली. पोटात गोळा होता. शेवटचं मिनिट, आम्ही एका गुणानं मागं. आमचा उंच पोरगा ड्रिबल करत रिंगकडं सुटला. समोरच्यांचा एक काटकुळा पोरगा त्याच्याकडं तोंड करून, सरकत सरकत आडवा. आमच्याचा खांदा त्याच्या छातीत बसला, तो धुळीत आडवा झाला, मग चेंडू हातातून सुटला नि रिंगमधून खाली आला. गाव नाचायला लागलं. मी बास्केट रद्द केली, फाउल आमच्यावर दिला.

हरलो. परतताना टेम्पोत माझ्याशेजारी कुणी बसलं नाही. त्या पोराच्या घरचा दुधाचा रतीब दुसऱ्या दिवशी बंद.

महिन्यानं बाप शाळेच्या फाटकात उभा. "गुरुजी, त्या बारक्याचं पाय हलत व्हतं. म्या बघितलंय."

"हलत होते की. एकदा दोन्ही पाय टेकून तोंड समोर केलं, की बाजूला, मागं सरकायची मुभा असते. ज्याच्या हातात चेंडू, त्याला अंतर द्यायचीसुद्धा सक्ती नाही. कुणीही आडवं येईल हे त्यानं धरूनच चालायचं. टक्कर छातीवर बसली, म्हणजे तो तिथं आधी पोचलेला."

त्यानं बराच वेळ विचार केला. "आमच्या भावकीत असलं चालत न्हाय," तो म्हणाला, "तिथं बांध सरकला की कोर्टच." नि सायकलवर टांग टाकून गेला. रतीब काही सुरू झाला नाही.