दोन रुळांमधले अंतर

माझ्या गावाचे नाव लोहा. ते नांदेड जिल्ह्यात आहे. उर्दूत लोहा म्हणजे लोखंड, हे तुम्हाला सांगायला नको. गंमत अशी, की लोखंडी रुळांवरून धावणारी गाडी मात्र आमच्या लोह्याला येत नाही. ती पाहायची तर नांदेड गाठावे लागते.

म्हणून विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी नांदेड स्टेशनची प्रतिकृती करायचे ठरवले, तेव्हा मला आनंद झाला. आठवीतल्या एका मुलाकडे सेलवर चालणारे इंजिन तयारच होते. त्याच्या मामूंनी ते आखाती देशातून पाठवले होते. मामू चार वर्षे घरी आले नव्हते. इंजिन मात्र आले होते. मुलगा ते कोणाच्या हाती देत नसे.

इंजिनाच्या डब्यावर दोन गोष्टी लिहिल्या होत्या : प्रमाण 1 : 87, आणि रुळांतील अंतर 16.5 मिलिमीटर. मुलांनी पहिली गोष्ट वाचली, दुसरी वाचली नाही. आपल्याकडच्या ब्रॉडगेज रुळांत 1676 मिलिमीटर अंतर असते. त्याला 87 ने भागले की 19.3 येतात. त्यांनी छत्रीच्या काड्यांचे रूळ केले, आगकाड्यांचे स्लीपर केले आणि तेवढे अंतर ठेवून सगळे फळीवर चिकटवून टाकले. मग मोठ्या थाटात इंजिन ठेवले. ते दोन रुळांच्या मधोमध खाली पडले!

इंजिन चुकले नव्हते आणि मुलांचा हिशेबही चुकला नव्हता. जगातल्या पुष्कळ देशांत 1435 मिलिमीटरचा रूळ चालतो. 87 ने भागून पाहा, 16.5 येतात. इंजिन त्या देशांसाठी होते.

इथे मला माझे दादा आठवले. दादा म्हणजे वडिलांचे वडील. ते मनमाडला हमाल होते. मुंबईकडून मनमाडला येणारा रूळ ब्रॉडगेज. तिथून मराठवाड्यात येणारा रूळ मात्र मीटरगेज, कारण निजामाच्या काळात, 1900 च्या सुमारास, मनमाड ते हैदराबाद ही लाइन तशीच टाकली गेली होती. एका रुळावरचा डबा दुसऱ्या रुळावर जात नसे. मग मुंबईकडून आलेले पोते एका डब्यातून उतरवायचे आणि दुसऱ्या डब्यात चढवायचे. दोन्ही मापांत फरक किती? 676 मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन फूटसुद्धा नाही. तेवढी जागा दादांनी अनेक वर्षे आपल्या पाठीने भरून काढली. त्यांच्या उजव्या खांद्यावर घट्टा पडला होता. लहानपणी मी त्याला बोट लावून पाहत असे.

1990 नंतरच्या काही वर्षांत ती लाइन ब्रॉडगेज झाली. (आमच्या शेजारच्या लातूरचा रूळ तर आणखी अरुंद, 762 मिलिमीटरचा होता. बार्शी लाइट रेल्वेची ती गाडी 1911 साली लातूरला पोचली. तो रूळही 2008 पर्यंत रुंद झाला.) डबे थेट जाऊ लागले. प्रवाशांची सोय झाली, माल लवकर पोचू लागला. दादांचे काम मात्र राहिले नाही. ते लोह्याला परत आले. "चांगलेच झाले," असे ते म्हणत, आणि मग बराच वेळ काही बोलत नसत.

खरी रेल्वे रूळ बदलते, इंजिने दुसरीकडे पाठवते. मीही मुलांना म्हणालो, "रूळ उखडा आणि 16.5 वर बसवा." ते सोपे होते. पण मुले ऐकेनात. "सर, मग ते नांदेड कसे होईल?" त्यांचे म्हणणे बरोबर होते. शेवटी सगळे त्या मुलाकडे पाहू लागले. तो दोन दिवस शाळेत गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने इंजिन माझ्या टेबलावर ठेवले.

आम्ही चाके पकडीने हळूहळू सोडवली. जुने आस आखूड पडत होते, म्हणून सायकलच्या दुकानातून तारा आणल्या आणि त्यांचे लांब आस केले. पहिल्यांदा आम्ही सगळे अंतर एकाच बाजूला वाढवले. इंजिन एका अंगाला झुकले, चाक घासू लागले. मग दोन्ही बाजूंना सारखे, सुमारे दीड-दीड मिलिमीटर सरकवले. सरळ रुळावर ते छान धावले आणि वळणावर अडकले. चाकांच्या कडा रुळांना अगदी चिकटून बसल्या होत्या. चाकाला थोडी मोकळीक लागते, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. चाके जराशी आत घेतली. आता बाहेर आलेली चाके इंजिनाच्या बाजूंना लागत होती. त्या बाजू आतून कानशीने घासणे भाग होते. मी कानस उचलली, तेव्हा मुलगा म्हणाला, "सर, मी घासतो."

प्रदर्शनाच्या दिवशी इंजिन वळण घेऊन स्टेशनात आले. टाळ्या झाल्या. नंतर त्या मुलाने मला कंपासपेटी उघडून दाखवली. जुने आस त्याने कागदात गुंडाळून ठेवले होते. मामू आले आणि त्यांनी विचारले, तर परत बसवता येतील, असे तो म्हणाला. घासलेल्या बाजूंबद्दल तो काही बोलला नाही. मीही विचारले नाही.