गेरूच्या भिंतीवर लाल त्रिकोण

डहाणू रोड स्टेशनवर उतरलात की समुद्राच्या अंगाला चिकूच्या वाड्या आणि पूर्वेला भातखाचरं. मी पूर्वेची वाट धरली, गंजाडची. लहान मुलांच्या एका पुस्तकासाठी मला चित्रकार हवा होता.

कृषी खात्याच्या माणसाला हा उद्योग कशाला, असं तुम्ही म्हणाल. आमच्या भागात एका घरी औषधाची रिकामी बाटली विसळून पाण्याला ठेवली होती. चार वर्षांचं पोर त्यातलं पाणी प्यायलं. दवाखाना वेळेवर गाठला म्हणून वाचलं. बाटलीवर लाल त्रिकोण होता, म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. कीटकनाशकांचे नियम १९७१ चे, पण ही खूण तुमच्या घरात किती जणांना ठाऊक आहे?

पहिली चित्रं शहरातून करून घेतली होती. हॅट घातलेला शेतकरी आणि बाटलीवर भलीमोठी कवटी. शाळेत दाखवली तर मुलं "भूत, भूत!" म्हणून हसत सुटली. त्रिकोणाकडे एकानेही पाहिलं नाही.

गंजाड हे जिव्या सोमा म्हसे यांचं गाव. वारली घरांत लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात. ही कला म्हसे यांनी कागदावर, कापडावर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले.

मी ज्या ओट्यावर टेकलो तिथला चित्रकार तांदळाचं पीठ डिंकाच्या पाण्यात कालवत होता. हातात टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस उभा! मला वाटलं, झालं आपलं काम.

लेबल बघून तो हसला. "साहेब, गेरूवर तुमचा तांबडा बुडून जाईल. आणि इथं सगळी माणसं त्रिकोणाचीच. पोरानं कुठला बघायचा?"

इतकी वर्षं नोकरी केली, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आतून त्याची आई म्हणाली, "शेणाच्या सारवणावर काढ की."

कापडाला शेणाचा हात दिला, उन्हात वाळवलं. त्यावर पांढरी माणसं, पांढरी झोपडी, पांढरी बाटली. रंग फक्त त्या एका त्रिकोणाला. शेजारची पोरगी आली आणि तिचं बोट थेट लाल रंगावर गेलं.

भातावरच्या खोडकिड्याचा पतंग मात्र जमेना. मादीच्या पुढच्या पंखांवरचा एकेक काळा ठिपका दिसल्याशिवाय ती ओळखायची कशी? त्या पानावर सरळ फोटो घालायचं ठरवलं.

निघताना मजुरीचं बोलणं झालं. पुस्तकावर आपलं नाव छापणार ना, हे मात्र त्याने मला दोनदा विचारलं. मी तिथेच कागदावर लिहून दिलं.