आजीने मोजलेल्या ओळी

आमची आजी गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात चार-पाच जण बोलले. आजी कष्टाळू होती, सोशीक होती, बाबासाहेबांवर तिची नितांत श्रद्धा होती, असं सगळ्यांनीच सांगितलं. कष्ट आणि श्रद्धा आम्हाला मान्य आहे. 'सोशीक' या शब्दाला मात्र आम्हा नातवंडांची हरकत आहे. तेव्हा बोललो नाही, म्हणून आता लिहितो आहोत. कारण महिना उलटायच्या आतच घरात हक्कसोडपत्राची भाषा सुरू झाली.

माणदेशातल्या एका कोरड्या गावात आजी सून म्हणून आली तेव्हा घरात महारकीचं वतन होतं. वतन म्हणजे जमीन, असं आजच्या पोरांना वाटतं. प्रत्यक्षात त्या तुकड्याच्या बदल्यात गावानं अख्खं घर राबवायला घेतलेलं असायचं. सांगावे पोचवायचे, सरकारी माणसाचं ओझं वाहायचं, मेलेलं जनावर ओढायचं. कागदावर नाव पुरुषाचं, पण दारोदार भाकरी मागायला टोपली घेऊन जायची ती आमची आजी. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतनाविरुद्ध विधेयक मांडलं होतं. वतन संपवणारा कायदा व्हायला 1958 उजाडलं. पण आजीच्या टोपलीनं कायद्याची वाट पाहिली नाही. 1956 च्या धम्मदीक्षेची बातमी गावात आली, देव नदीत गेले, आणि त्याच आठवड्यात तिनं टोपली चुलीत घातली. "देव बुडवायला लई जन व्हते, टोपली म्या एकटीनं जाळली," असं ती सांगायची. त्या वर्षी घरात खायला काय होतं, हे मात्र तिनं कधी नीट सांगितलं नाही. सोशीक बाई टोपली जाळत नाही.

1972 च्या दुष्काळात ती पाझर तलावाच्या कामावर होती. दिवसभर खडी फोडायची, संध्याकाळी सुकडी पदरात बांधून घरी आणायची. हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं, अमक्याची बायको एवढंच होतं. तिनं मुकादमाला स्वतःचं नाव लिहायला लावलं. लिहिलेलं वाचता येत नव्हतं, तरी पोराकडून वाचून घेतलं आणि मगच अंगठा उठवला.

दर 6 डिसेंबरला ती चैत्यभूमीला जायची. गाठोड्यात भाकरी-चटणी, आणि येताना एक पुस्तक. आम्ही कॉलेजात गेलो, चार पुस्तकं वाचली आणि शहाणे झालो. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनीच राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला आहे, असं तिला ऐकवलं. तिनं शांतपणे विचारलं, "म्या कवा नवस बोलले का बाबासाहेबाला? म्या मागाया जात न्हाई. वर्साचं काय केलं ते सांगाया जाते." ज्या पुस्तकांच्या जोरावर आम्ही तिला शिकवत होतो, त्यातलं निम्मं तिनंच त्या गाठोड्यातून आणलेलं होतं. हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं.

आता जमिनीचं. वतन गेल्यावर रक्कम भरून तो तुकडा आजोबांच्या नावावर झाला. 1986 साली आजोबा गेले. वारसनोंद झाली आणि सातबाऱ्याचा उतारा घरी आला. आजीनं तो हातात घेऊन बोटानं ओळी मोजल्या. "तीनच हायेत. पाच पायजेत." तीन म्हणजे ती आणि दोन मुलगे. दोन्ही लेकींची नावं वगळलेली होती. तलाठ्याकडं तिनं किती खेपा घातल्या ते आत्या सांगतात. भावकीनं समजावलं, लेकी दिल्या घरी सुखात आहेत, कशाला वाकडेपणा? आजी हटली नाही. शेवटी पाच ओळींचा उतारा आला. तो तिनं पत्र्याच्या पेटीत, बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवला.

आता त्याच दोन ओळी खोडायच्या आहेत. आणि खोडायला निघालेली माणसं कुणी परकी नाहीत. ज्यांच्या घरात रोज संध्याकाळी वंदना होते, ज्यांनी कार्यक्रमात आजीच्या श्रद्धेवर भाषणं केली, ती आमचीच माणसं आहेत. हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून बाबासाहेबांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं, हे आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. 1956 च्या वारसा कायद्यानं बापाच्या वाट्यात लेकीला हक्क दिला आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे मात्र जयंतीच्या स्टेजवरून कुणी सांगत नाही. मनुस्मृती जाळल्याचा दिवस पाळायचा आणि बहिणीकडून हक्कसोडावर सही घ्यायची, याला आम्ही काय म्हणायचं?

अडचण एवढीच नाही. थोरली आत्या स्वतःच म्हणते, "मला नको बाबा जमीन, माह्यार तुटंल." या वाक्यापुढं आमची कलमं लंगडी पडतात. तिला हवा आहे तो वाटा नव्हे, दिवाळीला उघडणारा दरवाजा. पण भावांना वाटा आणि माहेर दोन्ही मिळतं, तर बहिणीनंच दोनातलं एक का निवडायचं, हे आम्ही वडलांना विचारलं. ते उठून बाहेर गेले.

पुढच्या रविवारी सगळे बसणार आहेत. धाकटी आत्या सही करणार नाही, असं तिनं कळवलंय. पेटीची किल्ली आमच्याकडं आहे. तो पाच ओळींचा उतारा काढून आम्ही आधी वडलांच्या हातात देणार आहोत.