हॅलयार्ड : एका दोराची व्युत्पत्ती

भाषाविज्ञान शिकविताना लोकव्युत्पत्तीचे प्रकरण आपण सहसा घाईने आटोपतो. चार गमतीची उदाहरणे, थोडा हशा, आणि पुढे. मला तेथे बरीच वर्षे अडवून धरणारा इंग्रजी शब्द मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो म्हणजे हॅलयार्ड : शीड वा निशाण वर चढविण्याचा दोर.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे रूप 'हॅलिअर' असे होते आणि अर्थ सरळ होता : ओढणारा. पुढे दर्यावर्दी कानांना त्याच्या अंत्य अवयवात 'यार्ड' ऐकू येऊ लागला. यार्ड म्हणजे डोलकाठीवर आडवे टांगलेले, शीड पेलणारे लाकूड. (मोजमापाचा वारही याच काठीतला, अंगणाचे यार्ड वेगळ्या कुळातले.) अठराव्या शतकाच्या सुमारास ही ऐकीव समजूत लेखनात स्थिरावली.

रूढ झालेली अशुद्धी, इतकेच तिचे मोल, असा माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा निर्वाळा आहे. तो मला मान्य नाही. चौकोनी शिडांच्या जहाजांवर वरच्या टप्प्यातील यार्ड याच दोराने खरोखर चढविले जात. इतिहासाच्या दृष्टीने खोटी ठरणारी वर्णरचना वस्तूच्या दृष्टीने खरी होती. मग अर्थनिर्णयाचा अधिकार मुळाचा की वापराचा? आजच्या बहुतेक क्रीडानौकांवर यार्ड उरलेला नाही, साध्या ध्वजस्तंभावर तर तो नसतोच. शब्दात मात्र तो टिकून आहे.

'लॅनयार्ड'चे तसे नाही. चामड्याची वादी या अर्थाचा तो मूळचा फ्रेंच शब्द. यार्डाशी त्याचे काडीचेही नाते नसताना तो त्याच दावणीला बांधला गेला. (परिसंवादात ओळखपत्रासह आपल्या गळ्यात पडते ती फीत हीच.) दोन्ही शब्द एकाच सदरात टाकले की हा भेद बुजतो.

आपल्याकडे प्रवास उलट झाला. 1962 च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. 'नामन्'ची आठवण जपणारे टिंब गेले आणि 'नांव' व 'नाव', संज्ञा आणि होडी, लेखनात एकरूप झाल्या. संदर्भाने काम भागते, हे खरे. पण जुने छापील पुस्तक वाचताना एखादी विद्यार्थिनी मुद्रणदोष समजून ते टिंब पेन्सिलीने खोडते, तेव्हा मी तास थांबवतो आणि ते तेथे का होते, हे सांगतो. त्यात कधी कधी हॅलयार्डही येतो, आणि नेमलेला पाठ पुढच्या तासावर जातो.