खोडदचा बिबट्या

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या पहिल्या विज्ञानकथेचा नायक अर्थातच जॉन! सुट्टीत मंचरला आजीला ती वाचून दाखवली. "हा जॉन जेवतो काय गं?" आजीने विचारलं. मी गप्प.

जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने धाडली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. त्यांची कथा स्वतःच्या नावाशिवाय टिकली. माझी तर 'जॉन' या नावावरच उभी होती.

आता नायक खोडदचा. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेनाखाली रात्रपाळी, डब्यात पिठलं-भाकरी. दुर्बीण दूरच्या दीर्घिका ऐकतेय म्हणून मोबाईल बंद, आणि शेजारच्या उसात बिबट्या.

आजी यावेळी झोपली नाही. "मग? बिबट्याचं काय झालं?"

तेच अजून सुचलेलं नाही.