हिंडलग्याच्या पडवीतला चरक

बेळगावाहून वेंगुर्ल्याच्या सडकेने निघाले की शहराची वर्दळ ओसरते न ओसरते तोच हिंडलगा लागतो. दूरच्या वाचकांना हे नाव ठाऊक असते ते दोन कारणांनी. एक, येथील मध्यवर्ती कारागृह. दुसरे, १९८६ च्या जूनमधील कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील हुतात्म्यांचे स्मारक. दरवर्षी १ जूनला तेथे अभिवादन होते. २०२४ साली आम्हीही गेलो होतो. मृगाला आठवडा उरला होता आणि नांगरलेली शेते पावसाची वाट पाहत होती.

परतताना आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने वाटेत गाठले. "सर, घरी येऊन जावा की." अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला हा मुलगा चार मित्रांसह पडवीत एका यंत्राशी झटत होता. त्या वर्षीची आशिया-पॅसिफिक रोबोकॉन स्पर्धा व्हिएतनाममध्ये व्हायची होती आणि तिचा विषय होता भाताचा सुगीकाळ. रंगीत चेंडू म्हणजे भाताचे दाणे. काही भरलेले, काही पोचट. यंत्राने भरलेले दाणे उचलून कणगीत टाकायचे. भारतातील फेरी जुलैत दिल्लीला होती. हाती जेमतेम सहा आठवडे होते आणि यंत्राला चेंडू काही धरता येत नव्हता.

यंत्राच्या तोंडाशी एक आडवा रूळ फिरत होता. चेंडू जवळ आला की रूळ त्याला आत ओढण्याऐवजी पुढेच ढकली. तो घरंगळत थेट तुळशीवृंदावनापर्यंत जाई. पोरांचे चेहरे उतरले होते. आम्ही मराठीचे मास्तर. आम्हाला यातले काय कळणार?

तोच मुलगा हसून म्हणाला, "सर, रसवंतीपाशी थांबून उशिरा येतो म्हणून तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. आठवतंय?"

आठवत होते. सडकेकडेच्या रसवंतीत घुंगरांच्या तालावर फिरणारा चरक तो तासन् तास पाहत असे, आणि आम्ही त्याला आळशी ठरवले होते.

"तिथंच शिकलो की," तो म्हणाला. "चरकाची लाट ऊस धरते, कारण ती त्याला वरून कवेत घेते. आमचा रूळ फार खाली बसला होता. चेंडूच्या मध्याच्या खाली लागला, की ढकलणारच."

त्यांनी रूळ वर घेतला. तरीही जमिनीपासूनचे अंतर चेंडूच्या व्यासाहून थोडे कमीच ठेवले. गुळगुळीत नळीवर सायकलच्या ट्यूबचे रबर गुंडाळले. रुळाचे हात बिजागरीवर बसवून त्यांना स्प्रिंग लावली, म्हणजे चेंडू आत शिरताना रूळ किंचित उचलला जाईल. चरकाला रस हवा म्हणून त्याच्या लाटा हटत नाहीत. येथे चेंडू अखंड हवा, म्हणून रुळाने थोडे हटायचे.

मग त्याने आम्हाला हिशेब समजावला. पाच सेंटिमीटर व्यासाचा रूळ सेकंदाला दहा फेरे घेतो, तेव्हा त्याची कड सुमारे दीड मीटर धावते. पण खालची जमीन स्थिर असल्याने यंत्र उभे असताना चेंडू त्याच्या निम्म्याच वेगाने आत येतो. म्हणून रुळाचा वेग हात राखून ठरवायचा नाही. हे सारे तो मराठीत सांगत होता. लाट, पकड, कड, फेरा. एकही शब्द त्याला अडला नाही. आम्ही मात्र वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो होतो, की यंत्राची भाषा वेगळी आणि घरची वेगळी.

पुन्हा कळ दाबली. चेंडू रुळाखाली गेला आणि अलगद आत येऊन बसला. मुलाच्या आईने चुलीपुढून वाकून पाहिले. "धरला काय रे?" एवढेच तिने विचारले.

पुढे दिल्लीला काय झाले हा या लेखाचा विषय नव्हे. सोमवारी शाळा भरली तेव्हा सातवीतला एक मुलगा उशिरा आला. "कुठे थांबला होतास?" असे आम्ही विचारले. हा प्रश्न आम्ही तीस वर्षे विचारत आलो आहोत. त्या दिवशी प्रथमच उत्तर ऐकण्यासाठी विचारला.