चिठ्ठी

काकांवर मी हसलो होतो, हे आधी सांगून टाकतो.

मी सातवीत होतो. बिलोलीच्या घरून आजीनं काकांना किराणा दुकानात धाडलं: मीठ, काडेपेटी, गूळ. काका नुसती काडेपेटी घेऊन आले. परत पाठवलं, परत काडेपेटीच. मला हसू आवरेना. काका चिडले नाहीत. माझ्या वहीचं मागचं पान फाडून त्यांनी माझ्यापुढं धरलं. "बाबू, लिहून दे. ध्यानात राहत न्हाई." मी वही ओढून घेतली आणि पळालो.

हेच काका मॅट्रिकला शाळेत पहिले आले होते. नांदेडला कॉलेजात असताना त्यांना कुणीतरी सतत बोलत असल्यासारखं ऐकू येऊ लागलं. घरच्यांनी 'बाहेरचं' ठरवलं. गंडेदोरे झाले, मांजरा नदीपलीकडं तेव्हाच्या आंध्रातल्या बाबाकडं खेपा झाल्या. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगून गोळ्या सुरू केल्या तोवर पाच वर्षं गेली होती. आवाज थांबले. विसरणं थांबलं नाही, आणि आम्ही त्याला आळस म्हणत राहिलो.

पुढं मीही नांदेडला शिकायला गेलो. एका पेपरात पाठ केलेलं काहीच आठवेना. पोटात गोळा आला: झालं, आपलंही सुरू झालं. 'घराण्यात आहे' ही कुजबुज लहानपणापासून कानावर होतीच. उरलेले पेपर मी दिलेच नाहीत. कारण कुणालाच सांगितलं नाही.

२००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' आला. अतुल कुलकर्णीनं केलेला शेष पाहताना मला काकाच दिसत होते. या सिनेमामागं डॉ. जगन्नाथ वाणी उभे होते, हे नंतर कळलं. धुळ्याकडचा माणूस, कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचा प्राध्यापक होता. पत्नीला हाच आजार. पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन त्यांनीच उभी केली. त्यांची माझी कधी भेट झाली नाही, पण धीर त्यांच्यामुळं आला. मी एका मनोविकारतज्ज्ञ बाईंना माझी भीती सांगितली.

त्यांनी आकडेच मांडले. हा आजार एरवी शंभरात एकाला. आई किंवा वडिलांना असेल तर मुलांत शंभरात दहाच्या आसपास, पुतण्या-भाच्यांत दोन ते चार. एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही. जनुकं एक-दोन नव्हेत. पुढं २०२२ च्या मोठ्या अभ्यासात तर जनुकसंचातल्या अशा २८७ जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. हा वारसा जास्त असलेल्या निरोगी माणसांतही स्मरण आणि लक्ष सरासरीनं किंचित कमी आढळतं, पण त्यावरून एखाद्याचं भविष्य वर्तवता येत नाही. माझा तो पेपर जागरणानं गेला होता.

"काकांचं विसरणं मात्र आजाराचाच भाग," बाई म्हणाल्या. "गोळ्यांनी आवाज जातात, हे फारसं जात नाही. त्यांना लिहून देत जा."

मी मान खाली घातली. हा उपाय काकांनी मला सातवीतच सांगितला होता.

माझ्या लग्नाची बोलणी निघाली तेव्हा पाहुणे येतील त्या दिवशी काकांना शेतावर धाडायचं ठरलं. मी अडवलं, एवढंच काय ते मी केलं. पाहुण्यांना चहा देत काका आपणहून म्हणाले, "मला डोक्याचा आजार हाय. गोळ्या चालू हायत. पुतण्याला न्हाई." घरातल्या कुणालाच जे वाक्य जमलं नव्हतं ते त्यांना जमलं. लग्न ठरलं.

तेव्हापासून काकांची चिठ्ठी मी लिहितो. मीठ, काडेपेटी, गूळ. सातवीतही काम एवढंच होतं.